ग्रंथालयातील मृतदेह आणि आपले ग्रंथालय

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल-शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवानिमित्त मी ग्रंथालयावर बोलावे, असे निमंत्रण आले तेव्हा सोबत एक विषयही सुचवलेला होता : ‘वाचनसंस्कृती – काल, आज आणि उद्या’. या विषयावर मी नोकरीच्या काळात दरवर्षी ग्रंथालय सप्ताहात बोलत आले. कालचे वाचन थोर होते, आजचे खालावले आहे आणि उद्याची चिंता वाटते, एवढेच त्यात सांगायचे असते. ते पुन्हा सांगण्याऐवजी आज मी एका कादंबरीने केलेल्या माझ्या अपेक्षाभंगाबद्दल बोलणार आहे. व्यासपीठावरच्या मंडळींना हा विषय समारंभाला साजेसा वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या कादंबरीचा धागा शेवटी आपल्याच शाळेच्या ग्रंथालयाच्या दाराशी येतो, म्हणून थोडा धीर धरावा, ही विनंती.

मी शाळकरी असताना आपल्या वडोदऱ्यात मराठी घरांतून रहस्यकथा वाचणे हा अर्धवट गुन्हाच समजला जाई. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या पुस्तिका भाड्याच्या वाचनालयातून आणायच्या आणि भूमितीच्या पुस्तकात घालून वाचायच्या, अशी रीत होती. माझे मामा रेल्वेत नोकरीला होते. मॅट्रिकच्या सुट्टीत त्यांनी स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. इंग्रजी सुधारेल, हा त्यांचा हेतू. लेखिका अगाथा ख्रिस्ती आणि पुस्तकाचे नाव ‘द बॉडी इन द लायब्ररी’. ग्रंथालयातील मृतदेह! ते नाव वाचूनच मी हरखून गेले.

माझ्या हरखण्याचे कारण आधी सांगायला हवे. माझ्या मनात ‘लायब्ररी’ या शब्दाचा अर्थ एकच होता : मांडवीजवळची आपली मध्यवर्ती लायब्ररी. लोखंडी फडताळांच्या मजल्यांवर मजले आणि त्या मजल्यांना जाड काचेच्या फरश्या. वरच्या मजल्यावर कोणी चालले की खालून त्याच्या पावलांची धूसर सावली दिसे. उजेड खालपर्यंत पोहोचावा म्हणून केलेली ती योजना लहानपणी मला मात्र भुताटकी वाटायची. अशा जागी मृतदेह सापडला तर काय बहार होईल! कोणीतरी चुकीच्या खणात ठेवलेले पुस्तक, देवघेवीच्या नोंदीतील एखादी खोटी तारीख, फाडलेले पान, ग्रंथपालाला तेवढेच ठाऊक असलेले एखादे गुपित... शब्दकोश शेजारी घेऊन मी वाचायला बसले.

आणि पहिल्याच प्रकरणात माझा विरस झाला.

त्या कादंबरीतले ग्रंथालय हे आपण म्हणतो तसले ग्रंथालय नव्हतेच. इंग्लंडमधील सेंट मेरी मीड या खेड्याजवळ गॉसिंग्टन हॉल नावाचा एक वाडा आहे. त्यात कर्नल बँट्री आणि त्यांची पत्नी डॉली राहतात. त्या वाड्यातील एका खोलीला ‘लायब्ररी’ म्हणतात, एवढेच. खोली प्रशस्त, थोडी कळकट. बसून बसून खोलगट झालेल्या आरामखुर्च्या, पाइप, इस्टेटीचे कागद, भिंतीवर पूर्वजांची चित्रे आणि हो, पुस्तकेही. श्रीमंत इंग्रज घरात जशी जेवणाची खोली, तशी ही पुस्तकांची खोली. एके दिवशी सकाळी मोलकरीण धावत येऊन सांगते की लायब्ररीत कोणाचे तरी प्रेत पडले आहे. कर्नलसाहेबांचा विश्वासच बसत नाही. बायको रहस्यकादंबऱ्या वाचत असते, तेव्हा तिला तसलेच काही स्वप्न पडले असणार, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात शेकोटीपुढच्या गालिच्यावर एक सोनेरी केसांची, भडक रंगरंगोटी केलेली, अनोळखी तरुण मुलगी मरून पडलेली असते.

येथवर ठीक. परंतु पोलीस येतात, मोजमापे घेतात, प्रेत हलवले जाते आणि ती खोली कथेतून जवळजवळ नाहीशीच होते. कथा समुद्रकाठच्या डेनमथ गावातील मॅजेस्टिक हॉटेलात जाते आणि तिथेच रमते. कपाटातले एकही पुस्तक कोणी काढून पाहत नाही. त्या पुस्तकांत काय आहे, ती कोणी जमवली, कोणी वाचली, याचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही. यावर कळस असा की प्रेत त्या खोलीत येते तेही निव्वळ थट्टेने. दुसऱ्याच एका घरात टाकलेले ते प्रेत तिथल्या दारू प्यालेल्या तरुणाला सापडते आणि कर्नलच्या तोऱ्याचा राग म्हणून तो ते उचलून त्यांच्या गालिच्यावर आणून टाकतो. म्हणजे खुन्याच्या डोक्यातही ग्रंथालय नव्हते. प्रेताऐवजी तिथे एखादा मेलेला कोल्हा टाकला असता तरी त्या तरुणाचे काम भागले असते.

मी पुस्तक संपवले आणि मामांना म्हटले, ‘नाव एक आणि आत भलतेच. फसवणूक आहे.’ मामा हसून म्हणाले, ‘खुनी ओळखता आला का तुला?’ तो आला नव्हता. ‘मग तक्रार कसली करतेस?’

पुढे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेताना मी ती कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा लेखिकेने नंतरच्या एका आवृत्तीला लिहिलेली छोटी प्रस्तावना हाती आली. तीत ख्रिस्तीबाईंनी सरळच सांगितले आहे की ग्रंथालयात प्रेत सापडणे हा रहस्यकथेतला अगदी गुळगुळीत झालेला संकेत आहे आणि त्या झिजलेल्या संकेतावरच एक नवी कलाकुसर करून पाहावी, असे त्यांच्या मनात बरीच वर्षे होते. त्यांची अट अशी की ग्रंथालय अगदी नेहमीचे, सभ्य, परंपरागत असावे आणि प्रेत मात्र तिथे अजिबात न शोभणारे असावे. हे बीज बरीच वर्षे तसेच पडून होते. पुढे समुद्रकाठच्या एका हॉटेलात चाकांच्या खुर्चीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचा परिवार त्यांनी पाहिला आणि कथेला पाय फुटले. कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी, १९३६ च्या ‘कार्ड्स ऑन द टेबल’ या कादंबरीत त्यांनी स्वतःवर बेतलेले एक लेखिकेचे पात्र रंगवले आणि नेमके याच नावाचे पुस्तक त्या पात्राच्या नावावर लिहून टाकले. स्वतःच्याच थट्टेतून सहा वर्षांनी खरे पुस्तक जन्मले.

म्हणजे ग्रंथालयाला सजावटीची जागा देणे हा लेखिकेचा विसर नसून हेतूच होता. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. आपण ऊबदार रहस्यकथा म्हणू. लहानसे गाव, एकमेकांना ओळखणारी माणसे, हौशी शोधक, रक्तपात पडद्याआड आणि शेवटी सगळे पुन्हा जागच्या जागी. त्या उबेचे एक प्रतीक म्हणजे ती लायब्ररी. तिच्यातली पुस्तके वाचली गेली तर ऊब मोडेल. ती नुसती असावीत, काचेमागे रांगेत, घराच्या प्रतिष्ठेसाठी.

याच्या नेमकी उलट कादंबरी पुढे वाचनात आली : उंबेर्तो एको या इटालियन पंडिताची १९८० सालची ‘द नेम ऑफ द रोज’. चौदाव्या शतकातील एका मठात भिक्षू एकामागून एक मरत जातात आणि सगळ्याचे मूळ मठाच्या चक्रव्यूहासारख्या ग्रंथालयात असते. तिथे ग्रंथालय हे कथेचे हृदय आहे. एक पुस्तक कोणाच्याही हाती पडू नये, असे वाटणारा माणूस त्या गुन्ह्यांच्या मुळाशी आहे. ती वाचताना मला समाधान वाटले. ग्रंथालयाची कादंबरी असावी तर अशी! पुस्तक दडवणाऱ्याचा मला रागही आला. तो राग मी किती भोळेपणाने केला, ते पुढे सांगते.

आधी ख्रिस्तीबाईंना न्याय द्यायला हवा. कारण तिसऱ्या वाचनात, शिक्षिका झाल्यानंतर, मला त्या पुस्तकात पूर्वी न दिसलेले काहीतरी दिसले. कादंबरी ऐंशीहून अधिक वर्षांची आहे, म्हणून एक गाठ उकलून सांगण्याची मुभा घेते. खुन्याचे नाव मात्र सांगणार नाही. ते तुम्ही वाचून शोधा.

ग्रंथालयात सापडलेले प्रेत रूबी कीन या अठरा वर्षांच्या नर्तकीचे आहे, असे सगळे धरून चालतात. तशी ओळखही पटवली जाते. त्याच सुमारास पामेला रीव्ह्ज नावाची सोळा वर्षांची शाळकरी मुलगी गाइडच्या मेळाव्याहून घरी परतत नाही. एका जळालेल्या मोटारीत सापडलेला बूट आणि गणवेशाचे एक बटण यांवरून ती त्या मोटारीत जळून गेली, असे ठरते. खरा प्रकार उलटा असतो. गालिच्यावरची मुलगी पामेला असते. चित्रपटात काम देण्याची लालूच दाखवून तिला नेलेले असते आणि केस रंगवून, दुसरीचे कपडे घालून तिला रूबी बनवलेले असते.

हे कोणाच्या लक्षात येते? मिस मार्पल या अविवाहित, वृद्ध खेडवळ बाईंच्या. कशावरून? नखांवरून. प्रेताची नखे कुरतडलेली होती. नटूनथटून हॉटेलात नाचणाऱ्या मुलीची नखे अशी असतील का? ही सवय शाळकरी मुलीची. पुढे पामेलाच्या मैत्रिणींची चौकशी होते, तेव्हा त्यांतली एक काहीतरी लपवते आहे, हेही त्याच ओळखतात. आता सुटलो, म्हणून दाराकडे जाताना जिचा जीव भांड्यात पडला, ती मुलगी कोणती, हे त्यांनी नेमके हेरलेले असते. आयुष्यभर पोरीबाळींशी वागलेल्या माणसाची ही नजर आहे. सुरक्षा दलाच्या, पोलिसांच्या, न्यायाधीशांच्या नजरेतून जे सुटते, ते तिच्यातून सुटत नाही.

आणखी एक पात्र पाहा. हॉटेलात नऊएक वर्षांचा पीटर नावाचा मुलगा आहे. त्याला रहस्यकथांचे वेड. लेखकांच्या सह्या जमवणारा. रूबीचे तुटलेले नख त्याने आठवण म्हणून काड्यापेटीत जपून ठेवलेले असते. मोठी माणसे हसण्यावारी नेतील, अशी ही पोरसवदा हौस. परंतु पुरावा म्हणून ती काड्यापेटी उपयोगी पडते. साऱ्या कादंबरीत मनापासून पुस्तके वाचणारी व्यक्ती म्हणून मला हाच मुलगा आठवतो आणि त्याचा कर्नलच्या लायब्ररीशी काहीएक संबंध नाही!

तर माझी तक्रार अर्धी खरी आणि अर्धी खोटी ठरली. त्या कादंबरीत ग्रंथालय नाही, हे खरे. परंतु वाचन आहे. एका मुलीकडे दहा जणांनी पाहिले आणि तिची नखे एकीनेच वाचली. माझी उरलेली नाराजी दुसरीच आहे आणि ती अजून गेलेली नाही. पामेला मेल्याचे दुःख पुस्तकात फार थोडा वेळ टिकते. कर्नलची अब्रू वाचते, गावातली कुजबुज थांबते, ऊब परत येते. त्या सोळा वर्षांच्या पोरीचे आईवडील घरी परतल्यावर काय करतात, हे पाहायला पुस्तक थांबत नाही. ऊबदार गोष्टीला तेवढी थंडी सोसत नाही.

आता माझ्या स्वतःच्या ग्रंथालयाकडे, म्हणजे तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाकडे येते.

मी रुजू झाले तेव्हा दाखल नोंदवहीत काही हजार पुस्तके होती आणि काचेच्या दारांची अकरा कपाटे. किल्ल्यांचा जुडगा माझ्या पदराला. दरवर्षी मे महिन्यात ग्रंथपडताळणी होई आणि गहाळ पुस्तकांची यादी वर जाई. यादी लांब झाली की प्रश्न विचारले जात. तेव्हा पहिल्या दोन वर्षांतच मी शिकले की पुस्तक हरवू न देण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ते देऊच नये. नियम तसेच होते : ज्याने अनामत भरली आहे, त्यालाच पुस्तक घरी मिळेल. इतरांनी आठवड्यातल्या एका वाचनतासाला, माझ्यासमोर बसून वाचावे. पस्तीस मिनिटे. कोणी तक्रार केली नाही. पडताळणीत सलग काही वर्षे माझी गहाळ यादी एकदोन ओळींचीच राहिली आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले.

त्या एका ओळीतले एक पुस्तक म्हणजे भा. रा. भागवतांचे फास्टर फेणेचे एक पुस्तक. फुरसुंगीचा, सायकल दामटणारा, ‘ट्टॉक’ करणारा आपला बन्या. ते एके वर्षी सापडेना. मी आठवीच्या वर्गाला उभे केले, रागावले, दप्तरे तपासली. आज हे सांगताना लाज वाटते. पुस्तक मिळाले नाही. नोंदवहीत लाल शाईने ‘गहाळ’ असे लिहून मी विषय संपवला.

निवृत्तीच्या वर्षी रंगकामासाठी कपाटे हलवली, तेव्हा मराठी विश्वकोशाच्या खंडांमागे, भिंतीच्या बाजूला, ते पुस्तक सापडले. विश्वकोशाला हात लावणारे फारसे कोणी नसल्याने जागा सुरक्षित होती. पुस्तक धडधाकट होते. कुठे फाटले नव्हते, कुठे रेघोट्या नव्हत्या. समासात मात्र शिसपेनचे बारीक ठिपके होते, दर बारापंधरा पानांनंतर एक. प्रथम मला कळेना. मग पुस्तक उजेडात धरून मी ते ठिपके मोजले. ते नऊ होते. नऊ वाचनतास! पस्तीस मिनिटांत जेवढे वाचून होई, तेथे एक ठिपका. तास संपला की पुस्तक इतर कोणाच्या हाती लागू नये, म्हणून ते खंडांमागे ठेवायचे आणि पुढच्या आठवड्यात तेथूनच काढायचे. नवव्या ठिपक्यानंतर पंधराएक पाने उरलेली होती. दहावा ठिपका नव्हता.

मिस मार्पलबाईंना स्मरून मी जुन्या वह्या काढल्या. त्या वर्षीच्या आठवीत अनामतीचा रकाना तिघांचा कोरा होता. त्यांतल्या एकाने दिवाळीनंतर शाळा सोडलेली. वडिलांचे काम सुटून कुटुंब दुसरीकडे गेले, अशी दाखल्यावर नोंद. न्यायालयात टिकेल असा हा पुरावा नव्हे. पण मला एक मुलगा आठवतो. विश्वकोशाच्या कपाटाशेजारच्या बाकावर बसणारा. एकदा घंटा झाल्यावर सगळे गेले तरी तो रेंगाळला आणि त्याने विचारले, ‘बाई, शेवटी काय होतं हो?’ कशाच्या शेवटी, हे मी विचारले नाही. मी म्हटले, ‘तास संपला. वर्गात जा.’

ज्याला मी चोर ठरवले, तो ग्रंथालयाचा सर्वांत मनस्वी वाचक होता. त्याने पुस्तक एकदाही दाराबाहेर नेले नाही. माझा नियम त्याने तंतोतंत पाळला. आणि मठातल्या ज्या ग्रंथरक्षकाचा मी राग केला होता, त्याच्यासारखाच मीही पुस्तके दडवूनच ठेवत होते. फरक एवढाच की माझ्याकडे विष नव्हते, किल्ल्या होत्या.

मुलांनो, हे मी तुमच्यापुढे का सांगते आहे? कारण गॉसिंग्टन हॉलची लायब्ररी ही काही इंग्लंडातच असते असे नाही. ती कोठेही होऊ शकते. पुस्तके रांगेत, काचा स्वच्छ, पाहुण्यांना दाखवायला उत्तम आणि आत कोणी वाचत नाही. आपल्या नगरात तर असे होणे फारच वाईट. ज्या महाराज सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांना लगेच पुढचा प्रश्न पडला की शिकलेला माणूस वाचणार काय? अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले. बॉर्डन येथे तीन वर्षे राहिले. राजवाड्यातील खाजगी संग्रह लोकांसाठी खुला झाला, मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे विभाग निघाले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती फिरती ग्रंथालये खेड्यांत पाठवली गेली. राजाच्या वाड्यातील लायब्ररी लोकांची झाली. कर्नल बँट्रींच्या घरात जे कधी घडले नसते, ते येथे घडले. त्या पेट्यांतली सगळी पुस्तके धडपणे परत आली असतील, असे मला मुळीच वाटत नाही. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा की पुस्तके वापरासाठी असतात. मी तो परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

आपल्या शाळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुण्यातल्या मुलाला शाळेत मराठी पुस्तक मिळाले नाही, तर चौकातल्या दुकानात मिळते, शेजारी मिळते. आपल्या मुलांचे तसे नाही. ती अंगणात गुजराती बोलतात, दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकतात, उद्याच्या नोकरीसाठी इंग्रजीकडे पाहतात. मराठी त्यांना घरात ऐकू येते. पण छापलेली, गोष्टीतली, हसवणारी, घाबरवणारी मराठी त्यांच्यापैकी अनेकांना एकाच ठिकाणी भेटते : तळमजल्यावरच्या त्या खोलीत, आठवड्यातून पस्तीस मिनिटे. वर्गांचे पट लहान होत आहेत, हे आपण सगळेच जाणतो. अशा वेळी एका मुलाची पंधरा पाने वाचायची राहिली, तर तो तोटा त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्याने पुढे आपल्या मुलांना मराठी शाळेत का घालावे, या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या पंधरा पानांत होते.

महोत्सवी निधीतून ग्रंथालयाचे नूतनीकरण व्हायचे आहे, असे कळते. देणगीदारांची नावे कोरलेली, काचेची, कुलपांची नवी कपाटे यायची आहेत. देणगीदारांविषयी पूर्ण आदर बाळगून मी तीन गोष्टी मागते. पहिली, कपाटांना कुलपे नसावीत. नावे अवश्य कोरावीत, पण दारे नसलेल्या फडताळांवर. दुसरी, अनामतीची अट काढून टाकावी आणि प्रत्येक मुलाला पुस्तक घरी न्यायला मिळावे. तिसरी मागणी हिशेबनिसांना विचित्र वाटेल : दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हरवणाऱ्या पुस्तकांसाठी एक रक्कम आधीच धरून ठेवावी. ज्या वर्षी ती मुळीच खर्च होणार नाही, त्या वर्षी ग्रंथपालाला बोलावून विचारावे की मुले वाचत नाहीत काय?

आणि नव्या ग्रंथपालबाईंना एक विनंती. घंटा झाल्यावर कोणी रेंगाळले, तर त्याला विचारा, कोणत्या पुस्तकाच्या शेवटी? शेवट सांगू नका. पुस्तक त्याच्या हाती द्या आणि नोंद उद्या करा.

ते फास्टर फेणेचे पुस्तक मी निवृत्त होताना किंमत भरून घरी नेले होते. आज बरोबर आणले आहे. आतले ठिपके कोणी खोडू नयेत. ते मी ग्रंथालयाला परत करते आणि नोंदवहीतला लाल शेरा माझ्या हाताने खोडण्याची परवानगी अध्यक्षमहोदयांकडे मागते. तो मुलगा आज चाळिशीचा असेल. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव नसणार, कारण त्याने येथून दहावी केली नाही. तरीही ही स्मरणिका हस्ते परहस्ते त्याच्यापर्यंत पोहोचली, तर त्याने एकदा यावे. पुस्तक समोरच्याच फडताळात असेल, विश्वकोशामागे नव्हे. पंधरा पाने उरली आहेत आणि या वेळी घंटा होणार नाही.